‘मथेतेस’: शिष्य की शिकणारा?

प्रश्न असा आला आहे: सॉक्रेटिसवरच्या एका लेखाचं भाषांतर करताना ‘मथेतेस’ हा प्राचीन ग्रीक शब्द आडवा आला. कोशात ‘शिष्य’ असा अर्थ मिळाला. पण तेवढा पुरेसा आहे का? आणि या शब्दाचं आपल्या ‘मंथना’शी किंवा इंग्रजीतल्या ‘मॅथेमॅटिक्स’शी काही नातं आहे का?

मंथनाचं आधी उरकून घेऊ, कारण मोह तिथेच पडतो. ‘मथेतेस’मागचं क्रियापद आहे ‘मान्थानो’, म्हणजे ‘मी शिकतो’. कानाला अगदी मंथन! विचारांचं मंथन म्हणजेच शिकणं, असं सुंदर वाक्यही लगेच सुचतं. पण कानावर विश्वास ठेवून व्युत्पत्ती करू नये. ग्रीक ‘थ’च्या जागी संस्कृतात साधारणपणे ‘ध’ येतो. आपला मधु तो ग्रीकांचा ‘मेथू’ (त्यांच्याकडे त्याची दारू झाली), आपला धूम तो ‘थूमोस’. तेव्हा ‘मान्थानो’चा संस्कृतातला भाऊ शोधायचा तर तो ‘ध’वाल्यांच्या घरात शोधायला हवा. ‘मेधा’शी सोयरीक जुळवणारे अभ्यासक आहेत, आणि ध्वनींच्या हिशेबाने ते स्थळ निदान बघण्याजोगं तरी आहे. ताक घुसळणारं ‘मन्थ्’ मात्र वेगळ्या कुळातलं.

मॅथेमॅटिक्सशी नातं आहे, अगदी सख्खं. ‘मथेमा’ म्हणजे शिकलेली किंवा शिकण्याची गोष्ट, आणि ‘मथेमाता’ हे तिचं अनेकवचन. पायथागोरसच्या पंथात दोन गट सांगितले जातात: गुरुवचनं ऐकून घेणारे ‘अकुस्मातिकोइ’ आणि अभ्यास करणारे ‘मथेमातिकोइ’. पुढे अंकगणित, भूमिती, खगोल अशा विद्यांना हे नाव चिकटलं. म्हणजे मुळात गणित हे नुसतं ‘शिकायचं ते’. आजच्या ग्रीसमध्येही शाळेतल्या पोराला ‘मथितीस’ म्हणतात, त्याच्या धड्याला ‘माथिमा’. कॉलेजात गेला की तो ‘फितितीस’ होतो, शब्दच बदलतो.

आता मूळ मुद्दा. ‘मथ्’ या अंगाला ‘करणारा’ दाखवणारा प्रत्यय लागून ‘मथेतेस’ झाला. सरळ अर्थ ‘शिकणारा’. या शब्दात गुरू कुठेच नाही! आपला ‘शिष्य’ नेमका उलटा. तो ‘शास्’ धातूवरून आला. शासन, शास्त्र, अनुशासन ही त्याचीच भावंडं. शिष्य म्हणजे ज्याला शिकवायचं, ज्याला वळण लावायचं तो. क्रिया गुरूची, शिष्य तिचं कर्म. ‘अंतेवासी’ गुरूजवळ राहणारा. ‘छात्र’ची तर कमाल आहे: गुरूचे दोष छत्रासारखे झाकतो तो छात्र, अशी फोड पाणिनीच्या व्याकरणावरच्या ‘काशिकावृत्ती’ या टीकेत दिली आहे. (आमच्या वेळचे छात्र नेमकं याच्या उलट करत.)

गंमत म्हणजे ‘शिकणे’ ज्या ‘शिक्ष्’वरून आलं, ते ‘शक्’चं इच्छार्थक रूप आहे. शकणे, म्हणजे जमणे. तेव्हा शिकणं म्हणजे ‘आपल्याला जमावं’ अशी इच्छा धरणं. ‘मथेतेस’ची खरी जोडी या क्रियापदाशी जमते. पण त्यापासून मराठीत चारचौघांत मानाने वापरावं असं नाम बनलं नाही. ‘नवशिक्या’त हसू आहे, आणि ‘शिकाऊ’ म्हटलं की डोळ्यांपुढे गाडीवरचं लाल ‘एल’ येतं.

ग्रीक शब्दाला असला सोवळेपणा नव्हता. इजिप्तमध्ये सापडलेला इ.स. १५५चा एक ग्रीक करार बघा. मालकाने आपला खैरामोन नावाचा गुलाम एका लघुलेखकाकडे दोन वर्षांसाठी ‘चिन्हांच्या मथेसिस’साठी, म्हणजे लघुलिपी शिकायला ठेवला. फी १२० द्राख्मा, तीन हप्त्यांत. ४० आगाऊ, ४० सगळी चिन्हं शिकून झाल्यावर, आणि उरलेले ४० पोरगा सफाईने लिहू-वाचू लागला की. क्लासवाल्यांना आज असा करार दाखवून बघा!

मग कोशात ‘शिष्य’ हा अर्थ आला कुठून? बायबलाच्या ‘नव्या करारा’तून. तिथे हा शब्द सुमारे २६० वेळा येतो, पण फक्त चार शुभवर्तमानांत आणि प्रेषितांच्या कृत्यांत. त्याच नव्या करारातल्या पौलाच्या पत्रांत तो एकदाही नाही. या पुस्तकांत ‘मथेतेस’ येशूच्या मागे चालतो, घरदार सोडतो, त्यामुळे मराठी बायबलातला ‘शिष्य’ तिथे चपखल बसतो. पण तिथेही एक मासलेवाईक जागा आहे. योहानाच्या नवव्या अध्यायात, दृष्टी मिळालेल्या आंधळ्याला परूशी (ज्यूंमधला एक कर्मठ पंथ) सुनावतात की तू त्या येशूचा शिष्य, आम्ही मोशेचे. मोशेला जाऊन तोवर शतकं लोटली होती. स्त्रीलिंगी ‘मथेत्रिया’ एकदाच येतं, यापो इथल्या तबिथासाठी. आणि ‘प्रेषित’ हा वेगळा शब्द, ‘अपोस्तोलोस’, म्हणजे पाठवलेला. बारा जण शिष्यही होते आणि प्रेषितही, पण म्हणून हे दोन शब्द एक नव्हेत.

तुमचा लेख मात्र सॉक्रेटिसचा. प्लेटोच्या ‘अपोलॉजी’त, म्हणजे सॉक्रेटिसने खटल्यात केलेल्या बचावाच्या भाषणात, तो न्यायसभेत सांगतो की मी कधीच कुणाचा शिक्षक झालो नाही. निंदक ज्यांना माझे ‘मथेताइ’ (‘मथेतेस’चं अनेकवचन) म्हणतात त्यांनाही मी वेगळी वागणूक दिली नाही, आणि पैसे घेऊन बोललो नाही. त्या काळी सोफिस्ट फी घेऊन तरुणांना शिकवत, आणि त्यांच्याकडे येणारे तेही ‘मथेताइ’च. इथे तुम्ही ‘शिष्य’ लिहिलंत तर सॉक्रेटिस भलत्याच गोष्टीला नकार देतोय असं वाटेल, जणू पायाशी बसलेल्या भक्तांना तो झटकतोय. तो नाकारतोय तो शिकवणीचा धंदा. मी असतो तर त्या वाक्यात ‘विद्यार्थी’ लिहिलं असतं, आणि प्लेटोचा उल्लेख येईल तिथे ‘सॉक्रेटिसचा शिष्य’ बिनदिक्कत ठेवलं असतं. एकाच लेखात दोन शब्द आले म्हणून संपादकाने भुवया उंचावल्या, तर शिष्य-विद्यार्थी हा फरक ग्रीकात नव्हता, मराठीत आहे, एवढं त्याला सांगा.