नव्या शिक्षिकेस, मूल्यशिक्षणाच्या तासाविषयी

नवी मुंबईतल्या घणसोलीत तुम्ही यंदा पाचवीचा वर्ग घेणार आहात, म्हणून अनुभवाने सांगते की लोककथा संपताच ‘यातून काय बोध मिळतो?’ असे विचारू नका. मुले ‘खोटे बोलू नये’ असे परीक्षेतले उत्तर देतात आणि विचार तिथेच थांबतो.

श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी घ्या. महादेवाचा गाभारा भरायला घरातले सगळे दूध आणा, अशी राजाची आज्ञा; त्या धाकाने गावाने लेकरावासरांच्या तोंडचे दूध काढून गाभाऱ्यात ओतले, तरी तो भरला नाही. म्हातारीने मात्र आधी घरच्यांना आणि वासरांना पाजून उरलेले खुलभर दूध वाहिले, आणि गाभारा भरला. माझ्या वर्गात यावर एक मुलगा म्हणाला, “पण बाई, तिने राजाची आज्ञा मोडलीच की!” त्या वादात सगळा तास गेला, आणि मी तो जाऊ दिला.

चिमणी-कावळ्याची गोष्ट मात्र जपून सांगा, कारण भिजणाऱ्याला दाराबाहेर ताटकळत ठेवणारी चिमणी शहाणी की निष्ठुर, हे मुलांनाच ठरवू द्यावे लागते.

गावठाणातल्या एखाद्या आजीला वर्गात अवश्य बोलवा. ती आगरी बोलीत सांगेल; तिची भाषा ‘शुद्ध’ करायला जाऊ नका.