वाचकांचे प्रश्न : गोलघुमटाचा रेटा आणि दाभोळचा याकूत

मागील अंकात विजापूरच्या गोलघुमटावर, म्हणजे मुहम्मद आदिलशहाच्या मकबऱ्यावर, दिलेले टिपण वाचून किनाऱ्यावरील गावांतून बरीच पत्रे आली. त्यांतील चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमच्याकडे जांभ्याच्या चिऱ्यांच्या चार भिंतींवर कौलारू छप्पर चढते, ते पाहून समजते. चौकोनी भिंतींवर गोल घुमट कसा बसतो आणि एवढ्या भाराने त्या भिंती बाहेर कशा फाकत नाहीत, हे आपल्या टिपणात आले नाही. कृपया खुलासा करावा.
— एक वाचक, गुहागर

उत्तर : तक्रार रास्त आहे. मी मोजमापे दिली आणि मुख्य गोष्ट राहून गेली. आपल्या कौलारू छपराचाच दाखला पुढे नेऊ. दोन्ही बाजूंचे वासे आढ्याशी एकत्र येतात आणि खालच्या टोकांनी भिंतींना बाहेर ढकलतात. तो रेटा आवरण्यासाठी सुतार या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आडवी तुळई घालतो. घुमट हेही एक छप्परच आहे, मात्र त्याचा रेटा चोहोबाजूंना जातो आणि त्याच्या पोटातून तुळया घातल्या तर आतील पोकळीची सारी शोभाच जाते. तेव्हा तुळईचे काम दुसऱ्या कशाने तरी व्हावे लागते, आणि गोलघुमटात ते कसे साधले आहे हेच त्या इमारतीचे खरे वैशिष्ट्य आहे.

आतील दालन हा सुमारे १३५ फूट बाजूचा चौरस असून त्यात मध्ये एकही खांब नाही. साधारण ५७ फूट उंचीपासून हे दालन आत आत येऊ लागते. कागदावर एक चौरस काढावा आणि त्याच मध्यबिंदूभोवती तेवढाच दुसरा चौरस ४५ अंशांनी फिरवून काढावा, म्हणजे आठ टोकांची चांदणी तयार होते आणि तिच्या पोटात एक अष्टकोन सापडतो. या दोन चौरसांच्या आठ बाजू म्हणजे दालनातील आठ उंच, टोकदार कमानी. प्रत्येक कमान दुसऱ्या चौरसाच्या दोन कमानींना छेदून जाते, आणि त्या छेदांमधील बांधकाम वर चढताना पोकळीवर झुकत झुकत अखेर वर्तुळाला येऊन मिळते. या वर्तुळाचे तोंड सुमारे ९७ फूट व्यासाचे आहे. घुमटाचा आतील व्यास मात्र १२४ फूट आहे. याचा अर्थ असा की घुमट त्या तोंडाच्या काठावर उभा नसून मागे सरकवून उभा केलेला आहे, आणि मध्ये उरलेल्या कड्यावर कुजबुज ऐकू येणारा तो प्रसिद्ध सज्जा आहे.

आता भाराचा हिशेब पाहावा. घुमट खालच्या बांधकामाला बाहेर रेटतो. कमानींवरचे हे प्रचंड बांधकाम पोकळीवर आत झुकलेले असल्यामुळे त्याचा स्वतःचा भार त्याला आत ओढतो. दोन्ही ओढी एकमेकींना बऱ्याच अंशी खाऊन टाकतात आणि भिंतींच्या वाट्याला मुख्यतः सरळ खाली उतरणारे वजन येते, जे वाहून नेण्यात दगडी भिंतींना कसलीच अडचण नसते. जेम्स फर्ग्युसन या स्थापत्य-इतिहासकाराने एकोणिसाव्या शतकातच या युक्तीकडे लक्ष वेधले होते. चार कोपऱ्यांवरचे सात मजली अष्टकोनी मनोरे जिने वाहतातच, शिवाय कोपऱ्यांना वजन देऊन त्यांना जखडूनही ठेवतात. बाहेरून पाहताना हे मनोरे मला नेहमीच थोडे बोजड वाटत आले आहेत, हे येथे कबूल करतो.

राहता राहिला तो घुमट. ताजमहालाचा घुमट दुहेरी आहे, म्हणजे बाहेरून दिसणारा वेगळा आणि आतून दिसणारा वेगळा. गोलघुमट एकेरी आहे. त्याचे कवच सुमारे १० फूट जाड असून भाजलेल्या विटांचे आडवे थर चुन्याच्या जाड थरांत बसवून ते रचलेले आहे. चुना घट्ट झाल्यावर या विटा सुट्या राहिल्याच नाहीत. सारे मिळून एकसंध कवच झाले. विजापूरच्या गवंड्यांचा चुन्यावरचा विश्वास किती दांडगा होता हे पाहायचे असेल, तर त्याच शहरातील इब्राहिम रोजा या मकबऱ्याच्या आतल्या खोलीचे सपाट दगडी छत पाहावे. ते वरून टांगल्यासारखे दिसते आणि त्याची भिस्त मुख्यतः सांध्यांतील चुन्यावर आहे. शिंपल्या भाजून केलेल्या चुन्याने ज्यांच्या पणजोबांनी विहिरी बांधल्या, त्या कोकणातील वाचकांना ही गोष्ट अधिक खुलवून सांगण्याची गरज नसावी.

प्रश्न : गोलघुमट हा जगातील दुसऱ्या क्रमांकाचा घुमट आहे, असे आम्ही शाळेत शिकलो. ते खरे आहे काय?
— एक वाचक, मालवण

उत्तर : नाही. रोममधील पँथिऑनचा आतील व्यास सुमारे १४२ फूट आहे आणि तो गोलघुमटाच्या दीड हजार वर्षे आधीचा आहे. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलचा अष्टकोनी घुमट आणि रोममधील सेंट पीटरचा घुमट हेही व्यासाने मोठे असून आधीच उभे राहिले होते. आधुनिक पोलादी घुमटांची तर येथे गणतीच करत नाही. परंतु घुमटाखाली किती जमीन झाकली गेली असे विचारले, तर उत्तर बदलते. पँथिऑनचे दालन गोल असल्याने त्याचे क्षेत्र १५,८०० चौरस फुटांच्या आसपास भरते आणि गोलघुमटाचे चौकोनी दालन १८,००० चौरस फुटांच्या वर जाते. पाठ्यपुस्तकातील क्रमांकापेक्षा ही तुलना मला अधिक मोलाची वाटते, कारण १२४ फुटांच्या घुमटाने १३५ फुटांचा चौरस झाकण्याचे श्रेय वर सांगितलेल्या कमानींचे आहे.

प्रश्न : सज्जात भिंतीशी कुजबुजलेले पलीकडच्या बाजूला स्पष्ट ऐकू येते आणि एका टाळीचे सात ते अकरा पडसाद उमटतात, असे वाटाड्याने सांगितले. आम्हाला मात्र गोंगाटाखेरीज काही ऐकू आले नाही. ही नुसती दंतकथा आहे काय?
— एक शिक्षिका, रत्नागिरी

उत्तर : दंतकथा नाही, आपण बहुधा सहलींच्या हंगामात गेला असाल. कुजबुज आणि पडसाद या दोन निराळ्या गोष्टी आहेत. भिंतीशी तोंड नेऊन हळू बोलले, तर तो आवाज दालनभर पसरून विरत नाही. अंतर्गोल भिंतीला धरून सरपटत पुढे जातो आणि वाटेत त्याचा फारसा क्षय होत नाही. लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमधील अशाच सज्जाच्या संदर्भात लॉर्ड रॅले यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ही उपपत्ती मांडली.

पडसादाचे गणित त्याहून सोपे आहे. समोरची भिंत सुमारे ३८ मीटर दूर आहे. आवाजाला तेथे जाऊन परत येण्यास ७६ मीटर कापावे लागतात, म्हणजे सेकंदाचा पाव भाग लागण्याच्या आत तो परततो. एवढे अंतर पडल्यावर कानाला मूळ आवाज आणि पडसाद वेगवेगळे कळतात. गुळगुळीत, कठीण गिलावा आवाज फारसा शोषून घेत नसल्याने तो पुन्हा उलटतो, पुन्हा परततो, आणि ऐकणाऱ्याच्या कानाप्रमाणे संख्या सातावर थांबते किंवा पुढे जाते. मात्र पन्नास जण एकाच वेळी टाळ्या वाजवू लागले, तर प्रत्येकाचे पडसाद एकमेकांत मिसळतात आणि आपण ऐकलात तो गोंगाट तयार होतो. सकाळी दार उघडताच जावे, आणि मुलांना आधी खाली चौथऱ्यापाशी थांबवून सुलतानाची खरी कबर त्याखालच्या तळघरात असल्याचे सांगावे. तेवढ्यात वरचा सज्जा रिकामा मिळेल.

प्रश्न : गोलघुमट बांधणारा याकूत आमच्या दाभोळचा होता, असे येथे अभिमानाने सांगतात. तो आणि जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान एकच काय?
— एक वाचक, दाभोळ

उत्तर : दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो, कारण ते निर्विवाद आहे. ते दोघे एक नव्हेत. ‘याकूत’ म्हणजे माणिक. गुलामगिरीतून वर आलेल्या दख्खनमधील सरदारांना आणि अधिकाऱ्यांना रत्नांची किंवा सुगंधी द्रव्यांची नावे देण्याची रीत होती. मलिक अंबर आणि इब्राहिम रोजाशी ज्याचे नाव जोडलेले आहे तो मलिक संदल ही त्याच रीतीची उदाहरणे. जंजिऱ्याच्या सिद्दी कासीमला याकूतखान हा किताब औरंगजेबाकडून मिळाला आणि तो १७०७ साली वारला. मुरूडजवळ खोकरी येथे सिद्दींचे जे तीन दगडी मकबरे आहेत, त्यांतील एक त्याचा आहे. मुहम्मद आदिलशहा त्याच्या पन्नास वर्षे आधी, १६५६ साली वारला. गोलघुमटाच्या दक्षिण दारावर तीन फारसी वाक्ये कोरलेली आहेत आणि त्यांतील अक्षरांच्या ठरीव किमतींची बेरीज केली की प्रत्येक वाक्यातून त्याच्या मृत्यूचे हिजरी वर्ष १०६७ निघते.

आता पहिला भाग. दाभोळ हे आदिलशाहीचे मोठे बंदर होते. अरबस्तान-इराणकडून घोडे, माणसे आणि कसब येथे उतरत असे आणि घाट चढून विजापुरास पोहोचत असे. दाभोळच्या धक्क्याजवळची शाही मशीद, जिला आपण अंडा मशीद म्हणता, तिचा घुमट आणि मनोरे पाहिले तरी या संबंधाची साक्ष पटते. त्यामुळे दाभोळचा माणूस विजापूरच्या दरबारी कामावर असावा, यात नवल काही नाही. त्याचे नाव मात्र मिळते ते गोलघुमटावर नव्हे. विजापूरच्या जामा मशिदीतील सोन्याने आणि रंगांनी मढवलेल्या मिहराबावर, म्हणजे पश्चिम भिंतीतील प्रार्थनेच्या कोनाड्यावर, जो लेख आहे त्यात १६३६ साली मुहम्मद आदिलशहाच्या आज्ञेने हे काम करणारा म्हणून मलिक याकूतचे नाव येते. हा याकूत दाभोळचा, आणि गोलघुमटही त्याचाच, असे परंपरा सांगते. अनेक पुस्तकांत हे विधान निःशंकपणे छापलेले असते. दाभोळकरांनी ते ‘परंपरेनुसार’ हा शब्द जोडून सांगावे, एवढीच माझी विनंती आहे. अभिमानाला त्याने बाध येत नाही.

विजापुरास गेलात तर गोलघुमट पाहून झाल्यावर जामा मशिदीत अवश्य जावे आणि मिहराबासमोर उभे राहून आधी वर पाहावे. ती मशीद पहिल्या अली आदिलशहाच्या काळातील, म्हणजे गोलघुमटाच्या सुमारे ऐंशी वर्षे आधीची आहे, आणि तिचा मधला घुमट एकमेकींना छेदणाऱ्या तशाच कमानींवर, लहान प्रमाणात, तोललेला आहे. याकूतने १६३६ साली तो मिहराब सजवला, तेव्हा या कमानी रोज त्याच्या डोक्यावर होत्या.