घटस्फोटानंतर मुलगी एकटी जर्मनीला जायचं म्हणतेय, पाठवू का?

सप्रेम नमस्कार.

बार्शीहून आलेलं तुमचं पत्र मिळालं. मुलगी २९ वर्षांची, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली, सोलापूरच्या खाजगी रुग्णालयात सहा वर्षं स्टाफ नर्स. गेल्या वर्षी घटस्फोट झाला, तेव्हापासून माहेरी आहे. आता म्हणते, "जर्मनीला जाते, तिथं मला कुणी काही विचारणार नाही." ओळखीचा एजंट साडेचार लाखांत तीन महिन्यांत पाठवतो म्हणतोय. एकटीला पाठवावं की इथल्याच सरकारी भरतीला बसवावं, असं तुम्ही विचारलंय.

आधी एजंटचं बोलू, कारण ते तातडीचं आहे. त्याला एक रुपयाही देऊ नका. जर्मनीत परिचारिका म्हणून पूर्ण मान्यता मिळायला जर्मन भाषेची साधारणपणे बी-२ पातळी (सहा पातळ्यांपैकी चौथी) लागते. शून्यापासून तिथवर पोचायला ६०० ते ८०० तासिका लागतात, असं जर्मन शिकवणारी ग्योटे इन्स्टिट्यूट ही संस्थाच सांगते. रोज क्लास केला तरी वर्ष जातं. तीन महिन्यांत पाठवतो म्हणणारा एकतर खोटं बोलतोय, नाहीतर मुलीला भलत्याच कामावर पाठवणार आहे. शिवाय आपल्याकडे नोंदणीकृत भरती एजंटला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो. एजंट नोंदणीकृत आहे का, हे केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर घरबसल्या तपासता येतं. नर्सिंगच्या बाबतीत तर चांगली जर्मन रुग्णालयं भरतीचा खर्च स्वतः उचलतात. 'ट्रिपल विन' नावाचा जर्मन सरकारी कार्यक्रम केरळ सरकारच्या 'नॉर्का रूट्स' या संस्थेबरोबर असाच चालतो. महाराष्ट्र सरकारनेही २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आहे. त्याची चौकशी जरूर करा, पण त्याच्या भरवशावर बसून राहू नका.

आता मुलीचं. "कुणी काही विचारणार नाही" या कारणाला कमी लेखू नका. लग्न मोडलेल्या मुलीला आपल्या गावात किराणा आणायला गेलं तरी काय ऐकावं लागतं, ते तुम्ही पाहताच आहात. त्यातून सुटावंसं वाटणं अगदी रास्त आहे. पण तेवढ्या एका कारणावर परदेशातलं पहिलं वर्ष निभावत नाही. तिला एक प्रश्न विचारा आणि उत्तर द्यायला वेळ द्या: उद्या पुण्यात, जिथं तुला कुणी ओळखत नाही अशा रुग्णालयात नोकरी मिळाली, तरीही जर्मनीला जावंसं वाटेल का?

उत्तर काहीही आलं तरी माझा सल्ला एकच आहे. तिला आधी पुण्याला जाऊ द्या. नोकरी तिथं शोधावी, वसतिगृहात किंवा मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहावं आणि मॅक्स म्युलर भवनात (ग्योटे इन्स्टिट्यूटच्या इथल्या केंद्रात) किंवा दुसऱ्या चांगल्या क्लासला जर्मन सुरू करावं. शिफ्ट ड्युटी सांभाळून अभ्यास करणं, स्वतःचं भाडं भरणं, आजारपणात एकटीनं दिवस काढणं, हे सगळं तिथं कळेल. नवी सुरुवात म्हणून तिला जे हवंय त्यातलं निम्मं कदाचित पुण्यातच मिळेल. बी-२च्या आधीची पातळी असलेल्या बी-१ची परीक्षा पास झाल्यावर जर्मनीचा निर्णय घ्यावा. तोवर झालेला खर्च वाया जात नाही, भाषा पदरात राहते.

जर्मनीतलं काम इथल्यापेक्षा वेगळं आहे, हे तिला आधीच माहीत हवं. आपल्याकडे रुग्णाला अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं बहुतेक वेळा नातेवाईक किंवा मावशी करतात. तिथं ते परिचारिकेचं रोजचं काम आहे. इथं परिचारिका सर्रास करतात ती काही कामं तिथं डॉक्टर करतात. सहा वर्षांच्या अनुभवी मुलीला सुरुवातीला हे फार लागतं. त्यात मान्यतेचा कागद येईपर्यंत सहाय्यक म्हणून, कमी पगारावर राहावं लागतं. अभ्यासक्रमात काही तफावत निघाली तर ज्ञानपरीक्षा द्यावी लागते किंवा तिथं राहून पूरक प्रशिक्षण घ्यावं लागतं. मान्यतेनंतर पगार चांगला मिळतो, पण अविवाहित व्यक्तीला कर आणि विमे जाऊन साधारण दोन तृतीयांशच हातात येतो. एजंट सांगतो त्या आकड्याला त्या हिशोबानं पाहा. आणि करारात 'अमुक वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास भाषेचा खर्च परत द्यावा' असं कलम आहे का, ते सही करण्याआधी वाचून घ्या.

एक काम मात्र आजच सुरू करा, ते म्हणजे नावाचं. तिची गुणपत्रकं आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी माहेरच्या नावानं असेल, पासपोर्ट सासरच्या नावानं. तिथला अधिकारी या दोघी एकच आहेत असं गृहीत धरत नाही. घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत काढा, पासपोर्ट माहेरच्या नावानं करून घ्या, गरज पडली तर राजपत्रात नाव प्रसिद्ध करा. नर्सिंग कॉलेजकडून तीन वर्षांतल्या थिअरी आणि प्रात्यक्षिकाच्या तासांचा विषयवार तपशीलही मागवा. कॉलेजं हा कागद द्यायला महिनोन्‌महिने लावतात.

सरकारी भरतीबद्दल तुमचं म्हणणं अगदी चुकीचं नाही. एम्स रुग्णालयांतल्या परिचारिका भरतीच्या नॉरसेट परीक्षेला खुल्या गटाची वयोमर्यादा ३० वर्षं आहे, म्हणजे तिच्याकडे वेळ थोडा उरलाय. जर्मनीचं दार वयामुळे इतक्यात बंद होत नाही. तिला मनापासून वाटत असेल तर एकदा बसू द्या. तुमच्या समाधानासाठी मात्र बसवू नका.

एकटी राहील कशी, ही तुमची खरी काळजी. केरळच्या मुली १९६०च्या दशकापासून जर्मनीत परिचारिका म्हणून एकट्या जात आल्या आहेत, त्या काळात घरी फोन करणंही दुर्मीळ होतं. तरी एकटेपणा खोटा नाही. नोकरी बऱ्याचदा लहान गावात मिळते, रविवारी दुकानं बंद असतात, हिवाळ्यात चार-साडेचारला अंधार पडतो. म्हणून पगारात थोडा फरक असला तरी जिथं आधीच काही भारतीय परिचारिका आहेत असं रुग्णालय निवडावं. म्युनिक, बर्लिनसारख्या शहरांत मराठी मंडळं आहेत, गणपतीला तरी जाता येईल असं अंतर पाहावं. आणि परत यावंसं वाटलं तर ये, कुणी बोलणार नाही, हे तुम्ही तिला जाण्याआधीच स्पष्ट शब्दांत सांगा. आईनं सांगून भागणार नाही, वडील म्हणून तुम्हीच सांगा.

खर्चासाठी दागिने मोडू नका, जमीन गहाण ठेवू नका. भाषेच्या क्लासची फी ती पुण्यातल्या पगारातून टप्प्याटप्प्यानं भरू शकेल.

पुढचं पत्र तिला स्वतः लिहायला सांगा. सोबत जीएनएमची गुणपत्रकं, नोंदणी प्रमाणपत्र आणि सहा वर्षांत कोणकोणत्या वॉर्डात काम केलं त्याची यादी पाठवावी. आयसीयू किंवा शस्त्रक्रियागृहाचा अनुभव असेल तर तो वेगळा लिहावा.