ऑनर्स मिळते, करतात, की ऑनर्सला असतात?

प्रश्न असा आला आहे : “एका अमेरिकी विद्यापीठाची माहितीपुस्तिका मराठीत आणायची आहे. त्यात एका विद्यार्थिनीची ओळख आहे. यंत्राने केलेला अनुवाद असा : ‘तिची सन्मान कार्यक्रमात निवड झाली, दुसऱ्या वर्षी तिने दोन सन्मान करार केले, शेवटच्या वर्षी सन्मान प्रबंध लिहिला आणि ती सन्मानाने पदवीधर झाली.’ मूळ इंग्रजीत चारही ठिकाणी ‘ऑनर्स’ आहे. ‘सन्मान’ कानाला खटकतो, म्हणून सहकाऱ्याने ‘मानद’ सुचवला. कोणता शब्द घ्यावा?”

दोन्ही नकोत. ‘मानद’ आधी निकालात काढू, कारण तो नुसता खटकत नाही, तो अर्थ उलटा करतो. मानद सचिव पगार घेत नाही, मानद डॉक्टर परीक्षा देत नाही. मराठीत ‘मानद’ म्हटले की नेहमीचा रस्ता न चालता मिळालेले पद किंवा पदवी. पुस्तिकेतली मुलगी मात्र वर्गातल्या इतरांपेक्षा जास्त वाचते, जास्त लिहिते आणि वर तोंडी परीक्षाही देते. तिला ‘मानद’ म्हणणे हा तिच्या कष्टांवर अन्याय आहे.

‘सन्मान’ची अडचण वेगळी. सन्मान दुसरे कोणीतरी करते, चारचौघांत करते आणि काम पुरे झाल्यावर करते. ‘सन्मान कार्यक्रम’ वाचताच डोळ्यांपुढे व्यासपीठ, हार आणि लांबलेली भाषणे येतात. ‘कार्यक्रम’ हा शब्दही त्याला हातभार लावतो. ‘सन्मान करार’ तर लढाई संपल्यावर दोन राजांनी केलेला तह वाटतो. खरी गोम मात्र याहून खोल आहे. त्या वाक्यात ऑनर्स चार वेळा आले तरी चार वेळा एकच गोष्ट सांगत नाही. त्यामुळे चारही ठिकाणी बसेल असा एक मराठी शब्द शोधत बसलात, तर तो सापडणार नाही.

हा गुंता झाला कसा, ते थोडे मागे जाऊन पाहावे लागेल. इंग्लंडमधल्या जुन्या विद्यापीठांत पदवीकडे जाणाऱ्या दोन वाटा होत्या. नुसते उत्तीर्ण व्हायचे असेल तर साधी परीक्षा; नाव काढायचे असेल तर वेगळी, अवघड, श्रेणी लावणारी परीक्षा. ही दुसरी परीक्षा म्हणजे ऑनर्स. केंब्रिजमध्ये गणिताची ट्रायपॉस ही अशीच परीक्षा. तिच्यात पहिल्या वर्गात येणारा तो रँग्लर, आणि सर्वांत वर असेल तो सीनियर रँग्लर. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली सीनियर रँग्लर झाले, तो मान मिळवणारे पहिले भारतीय, आणि पुढे मराठी माणूस त्यांना ‘रँग्लर परांजपे’ म्हणूनच ओळखू लागला. म्हणजे ऑनर्सची एक श्रेणी आपण कधीच पचवली आहे, तीही भाषांतर न करता, थेट माणसाच्या नावापुढे लावून. (क्रमवार नावे जाहीर करण्याची ती प्रथा केंब्रिजने १९०९नंतर बंद केली. आपल्याकडे उपाधी मात्र टिकून राहिली.) ऑक्सफर्डमध्ये १८०८ साली अभिजात भाषा आणि गणित अशा दोन्ही परीक्षांत पहिला वर्ग मिळवणारा रॉबर्ट पील पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झाला. या सगळ्यांत ऑनर्स म्हणजे परीक्षेचा प्रकार, आणि त्या परीक्षेतला दर्जा.

अमेरिकेत हा शब्द पोचला तेव्हा त्याचे रूप पालटले. ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकून आलेले फ्रँक एडेलॉट १९२१ साली पेनसिल्व्हेनियातल्या स्वार्थमोर कॉलेजचे अध्यक्ष झाले, आणि १९२२ साली तिथे ऑनर्सची नवी पद्धत सुरू झाली. तिच्यात शेवटच्या दोन वर्षांत मोठ्या वर्गांऐवजी मोजक्या विद्यार्थ्यांची चर्चासत्रे होती, आणि शेवटी बाहेरून आलेल्या परीक्षकांपुढे लेखी व तोंडी परीक्षा. शिकवणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा, हा त्या पद्धतीचा कणा होता, आणि स्वार्थमोरने तो आजही सोडलेला नाही. मला या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत हुशारीची गोष्ट वाटते. परीक्षक परका असला की विद्यार्थी आणि प्राध्यापक एकाच बाजूला येतात. इतरांनी मात्र नेमके हेच फारसे उचलले नाही. १९५७ साली सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला, अमेरिकेत हुशार विद्यार्थ्यांची चिंता वाढली, मोठ्या सरकारी विद्यापीठांनीही ऑनर्सच्या सोयी उभ्या केल्या, आणि १९६६ साली अशा ऑनर्स व्यवस्थांची राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. ऑनर्स आता परीक्षेपुरते उरले नाही. प्रवेशापासून पदवीपर्यंत विद्यार्थ्याला सांभाळणारी ती एक व्यवस्था झाली.

तेव्हा तुमच्या वाक्यातला पहिला ‘ऑनर्स प्रोग्रॅम’ म्हणजे ही व्यवस्था. तो अभ्यासक्रम नव्हे, हे अनुवादकाने पक्के ध्यानात ठेवावे. मुलगी रसायनशास्त्र शिकत असेल तर रसायनशास्त्रच शिकते, पदवीही त्याच विषयाची घेते. फरक असा की पदवीला लागणाऱ्या साधारण १२० क्रेडिटांपैकी (क्रेडिट म्हणजे अभ्यास मोजण्याचे एकक) काही क्रेडिटे ती ऑनर्सच्या वर्गांत मिळवते. हे वर्ग लहान असतात, बरेचदा वीसेक जणांचे. काही वर्ग तिच्या विषयाचे, तर काही दोन-तीन विषयांच्या सीमेवरचे. प्रवेश कधी बारावीनंतरच्या अर्जाबरोबर मिळतो, कधी पहिल्या वर्षाचे गुण पाहून. आत टिकण्यासाठी गुणांची सरासरी राखावी लागते. ४ पैकी ३.३ ते ३.५ ही मर्यादा पुष्कळ ठिकाणी दिसते. सरासरी घसरली तर आधी ताकीद मिळते, मग बाहेरचा रस्ता. मूळ पदवी मात्र चालूच राहते. मोबदल्यात विषयांची नोंदणी इतरांच्या आधी करता येते, वेगळा सल्लागार मिळतो, काही ठिकाणी राहायला वेगळे वसतिगृहही. बाहेरच्यांना हा लाड वाटतो. आधी नोंदणीच्या सवलतीबद्दल तो आक्षेप मला पूर्णपणे खोटा वाटत नाही.

काही विद्यापीठांत या व्यवस्थेला ‘ऑनर्स कॉलेज’ म्हणतात : ओरेगॉनमध्ये १९६०पासून, ॲरिझोना स्टेटमध्ये १९८८पासून, पेन स्टेटमध्ये १९९७पासून. मराठी वाचक ‘कॉलेज’ म्हटल्यावर प्राचार्य असलेली, विद्यापीठाला संलग्न अशी स्वतंत्र संस्था धरतो. तिथे मात्र कॉलेज म्हणजे विद्यापीठाच्याच पोटातले एक घटक. विद्यार्थी एकाच वेळी ऑनर्स कॉलेजचा आणि आपल्या विभागाचाही असतो. टेक्सास विद्यापीठाने ऑस्टिनमध्ये १९३५ साली सुरू केलेल्या अशा योजनेला तर नुसते ‘प्लॅन टू’ म्हणतात. या बोलण्यातल्या नावात ऑनर्सचा पत्ताच नाही. नाव पाहून भाषांतर करणारा इथे हमखास फसतो.

दुसरा शब्द ‘ऑनर्स काँट्रॅक्ट’. ‘करार’ म्हटल्याने यात नसलेला कायदा शिरतो. प्रत्यक्षात काय होते? विद्यार्थिनीला हवा असलेला विषय ऑनर्सच्या वर्गात शिकवला जात नाही. मग ती नेहमीच्याच वर्गात बसते आणि सत्राच्या सुरुवातीला प्राध्यापकांशी लेखी ठरवून घेते की मी याशिवाय अमुक जास्तीचे काम करीन : एखादा निबंध, एखादा प्रयोग, वर्गापुढे मांडणी. ऑनर्सचे कार्यालय त्याला मंजुरी देते. काम पुरे झाले आणि विषयातही चांगली श्रेणी आली, तर त्या क्रेडिटांवर ऑनर्सची मोहर उमटते. मराठीत याला ‘जादा कामाची लेखी बोली’ म्हणता येईल. पुस्तिकेसाठी जरा घरगुती वाटत असेल तर ‘ऑनर्ससाठी जादा काम’ एवढे पुरे. कागद कसला हे वाचकाला सांगायची गरज नाही, काम कसले हे सांगायची आहे.

तिसरा ‘ऑनर्स थीसिस’. इथे ‘प्रबंध’ फार जड होतो. मराठीत नुसता प्रबंध म्हटला की पीएच.डी. आठवते. पदवीच्या शेवटच्या वर्षी एका मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली केलेले, दोन सत्रांचे, शेवटी दोन-तीन प्राध्यापकांपुढे मांडायचे हे काम आहे. त्याला ‘लघुप्रबंध’ हा शब्द तयारच आहे. त्याच्या आधी ‘ऑनर्सचा’ लावला की झाले. हाच टप्पा सर्वांत कठीण असतो. वर्ग आवडीने केलेले कितीतरी जण लघुप्रबंधापाशी ऑनर्स सोडतात, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, कारण पदवी अडत नाही.

चौथी जागा सर्वांत फसवी : ‘ऑनर्ससह पदवीधर’. वाचणाऱ्याला वाटते की प्रोग्रॅममध्ये होती म्हणून असे लिहिले. बहुतेक वेळा याचा त्या प्रोग्रॅमशी संबंधच नसतो. प्रमाणपत्रावर ‘कुम लाउदे’, ‘माग्ना कुम लाउदे’, ‘सुम्मा कुम लाउदे’ असे लॅटिन शेरे येतात. अर्थ प्रशंसेसह, मोठ्या प्रशंसेसह, सर्वोच्च प्रशंसेसह. हे मुख्यतः गुणांच्या सरासरीवर ठरतात, आणि ऑनर्स प्रोग्रॅमच्या दारातही न गेलेल्या विद्यार्थ्याला मिळू शकतात. उलट, प्रोग्रॅम पुरा केलेल्या मुलीला तो शेरा मिळेलच असे नाही. काही ठिकाणी वरचा शेरा मिळवायला विभागाची शिफारस आणि लघुप्रबंधही लागतो. शेऱ्याची किंमत विद्यापीठागणिक बदलते : २००१ साली हार्वर्डमधून बाहेर पडलेल्यांपैकी सुमारे ९१ टक्के विद्यार्थी कोणत्या ना कोणत्या ऑनर्ससह पदवीधर झाले होते. त्यावर इतकी टीका झाली की विद्यापीठाने पुढे ६० टक्क्यांची मर्यादा घातली. दहांतल्या नऊ जणांची प्रशंसा म्हणजे उरलेल्या एकाची निंदाच.

आता तोडगा. माझा सल्ला असा की नाम शोधायचे सोडा आणि क्रियापद पाहा. मराठी बोलणारे विद्यार्थी हा भेद आपोआप पाळतात. प्रोग्रॅमबद्दल ते ‘ती ऑनर्सला आहे’ म्हणतात. वर्ग, जादा काम, लघुप्रबंध यांच्याबद्दल ‘ऑनर्स करतेय’. आणि शेऱ्याबद्दल ‘तिला ऑनर्स मिळाले’. असणे, करणे, मिळणे : तीन क्रियापदांनी तीन अर्थ वेगळे होतात आणि ‘ऑनर्स’ आहे तिथेच राहतो. हे लक्षात घेतले की वाक्य असे लिहिता येते : ‘तिची विद्यापीठाच्या ऑनर्स प्रोग्रॅमसाठी निवड झाली. दुसऱ्या वर्षी तिने दोन विषयांत ऑनर्ससाठी जादा काम केले, शेवटच्या वर्षी ऑनर्सचा लघुप्रबंध लिहिला, आणि पदवीच्या वेळी तिला “माग्ना कुम लाउदे” हा प्रावीण्याचा शेरा मिळाला.’ शेरा कोणता ते मूळ कागदावरून तपासून घ्या. मी नमुन्यादाखल मधला घेतला आहे. ‘विशेष प्रावीण्य’ मात्र वापरू नका. तो शब्द आपल्याकडे डिस्टिंक्शनने आधीच अडवला आहे, आणि वाचक लगेच पंच्याहत्तर टक्के मोजू लागतो.

हा सल्ला अमेरिकी पुस्तिकेपुरता आहे. ब्रिटनमध्ये बहुतेकांची पदवी ऑनर्सचीच असते, तिथे शब्दाला निवडीचा वास उरलेला नाही. ऑस्ट्रेलियात ऑनर्स म्हणजे बरेचदा तीन वर्षांच्या पदवीनंतरचे संशोधनाचे वेगळे वर्ष. भारतात नव्या शैक्षणिक धोरणानंतर चौथे वर्ष आणि १६० क्रेडिटे पुरी करणाऱ्याला ऑनर्स पदवी मिळते. त्यातल्या संशोधनाच्या वाटेसाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. बिहारमधली विद्यापीठे हिंदीत ‘प्रतिष्ठा’ लिहितात. शब्द देखणा आहे, पण मराठीत प्रतिष्ठा म्हणजे लोकांतली पत, आणि ‘ती प्रतिष्ठेला आहे’ असे कोणी म्हणणार नाही.

त्याच पुस्तिकेत पुढे ‘ऑनर कोड’ आणि ‘ऑनर सोसायटी’ येण्याची शक्यता आहे. तिथे ‘ऑनर’ एकवचनी आहे, आणि या दोन्ही गोष्टी ऑनर्स प्रोग्रॅमच्या नाहीत. ऑनर कोड म्हणजे नक्कल करणार नाही, दुसऱ्याचे लेखन आपले म्हणून देणार नाही, ही सगळ्याच विद्यार्थ्यांना बांधणारी हमी. ‘सचोटीची शपथ’ हा तिचा चांगला मराठी अवतार होईल. ऑनर सोसायटी म्हणजे गुणवंतांना निवडून सभासद करून घेणारे मंडळ. त्यांतले सर्वांत जुने ‘फाय बीटा कप्पा’ १७७६ साली व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात निघाले. तिथे सभासदत्वासाठी अर्ज चालत नाही, बोलावणे यावे लागते. तेव्हा ‘प्रवेश घेतला’ असे लिहू नका, ‘निवड झाली’ लिहा.