पळताना स्मार्ट घड्याळात हृदयाचे ठोके मिनिटाला १७५ दिसले म्हणून
घाबरू नका, पण लगेच विश्वासही ठेवू नका. मनगटावरचा सेन्सर कधी कधी ठोक्यांऐवजी पावलंच मोजत बसतो. माझा तर पर्वती चढताना हमखास फसतो. थांबा, अंगठ्याच्या बाजूला मनगटावर दोन बोटं टेकवा, १५ सेकंद ठोके मोजा, चारने गुणा.

जास्तीत जास्त ठोक्यांचं ‘२२० वजा वय’ हे गणित म्हणजे नुसती सरासरी. १०-१२ ठोके इकडेतिकडे सहज होतात. पहिले दोन महिने एवढंच बघा: पळताना सोबत्याशी सलग वाक्य बोलता येतंय ना? शब्द तुटायला लागले की चाला, लाज कसली! दमट हवेत त्याच वेगाला ठोके वाढतातच.

बीपीसाठी बीटा ब्लॉकर (ठोके मंदावणारं औषध) चालू असेल तर मात्र हे आकडे लागू नाहीत, आधी डॉक्टरांना विचारा. छातीत दुखलं, चक्कर आली तर तिथेच थांबून मदत मागा.