पहिलं पोतं मॅरिस ऑटरचं घे

तू सांगलीचा, सध्या लंडनला. आजवर माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या, तयार पाकापासून बीअर केलीस, आता थेट धान्यापासून करायची आहे. दुकानात पिल्सनर, मॅरिस ऑटर आणि म्युनिक हे बेस माल्टचे तीन प्रकार आहेत, तर 25 किलोचं पोतं कशाचं घेऊ, असं विचारलंयस. मी साताऱ्याचा, पण काही वर्षं लंडनला होतो आणि हा छंद तिथेच केला. आपल्याकडे परवान्याशिवाय घरी बीअर करता येत नाही. तिकडे स्वतःपुरती करायला 1963 पासून परवाना लागत नाही.

बेस माल्ट म्हणजे काय, ते नाचणीवरून बघ. मोड आणलेल्या नाचणीचं पीठ गरम लापशीत कालवलं की घट्ट लापशी पातळ होते. मोड येताना दाण्यात तयार झालेली एन्झाइम्स पिठूळ भाग फोडून त्याची साखर करतात. मॅशमध्ये, म्हणजे भरडलेलं माल्ट गरम पाण्यात भिजवतात तेव्हा, सातूचं (बार्लीचं) हेच होतं. बेस माल्ट बेतानं वाळवलेलं असतं म्हणून त्यात ही ताकद टिकते. काळं भाजलेल्या माल्टमध्ये ती उरत नाही, ते रंगाला आणि चवीला.

भाकरी शाळूची की हायब्रीडची हे पहिल्या घासाला कळतं ना? बेस माल्टचंही तसंच असतं, कारण बीअरला लागणाऱ्या धान्यात बहुतेक वेळा नव्वद टक्के तेच असतं. तरी बरेच जण सगळा विचार हॉप्सचा, म्हणजे कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा, करतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

माझं पहिलं पोतं पिल्सनरचं होतं. ते सगळ्यात फिकं, त्याला मऊ पाणी मानवतं. लंडनचं पाणी जड, चुन्याचं. मॅशचा पीएच (आंबटपणाचं माप, जितका वर तितका आंबटपणा कमी) 5.2 ते 5.6 मध्ये हवा, माझा वर गेला आणि बीअर तुरट झाली. शिवाय झाकण ठेवून उकळलं, म्हणून उकडलेल्या मक्याच्या कणसासारखा वास राहिला. पिल्सनर दीड तास उघडंच उकळावं लागतं.

म्युनिक जास्त तापवून वाळवतात. पावाच्या कडेसारखी खमंग चव येते, पण एन्झाइम्स कमी. स्वतःपुरती पुरतात, सोबत ओट्सचा भार घातलास तर ओढाताण होते. ते सुटं किलोभर घे.

मॅरिस ऑटर हे केंब्रिजच्या पैदास केंद्रातलं, 1960 च्या दशकातलं वाण. बिस्किटासारखी चव, एकाच तापमानाला नीट काम होतं. त्या पाण्याचा पीएच मात्र यालाही तपासून घे, वर गेला तर थोडं लॅक्टिक आम्ल घाल. 20 लिटरला साडेचार किलो, 66-67 अंश सेल्सियसला तासभर मॅश. धान्यातून मिळू शकणाऱ्या साखरेपैकी सत्तर टक्के मॅशमधून उतरली तर आंबवायच्या आधीची घनता 1.047 च्या आसपास येईल (साध्या पाण्याची 1.000). पहिल्या दोन खेपा याच्या एकट्याच्याच कर. तिसऱ्या खेपेला यातलं अर्धा किलो काढून तेवढं म्युनिक घाल, फरक जिभेला कळेल.

भरडायची चक्की नसेल तर भरडलेलं अख्खं पोतं घेऊ नकोस, लागेल तेवढंच भरडून आण. आणि पैसे द्यायच्या आधी चार दाणे चावून बघ. कुडकुडीत हवेत. चिवट लागले तर माल दमट झालाय, दुसरं पोतं माग.