अंडी घालतानाही टाचणी या उडणाऱ्या कीटकाचा नर मादीला का सोडत नाही?

तो पहारा देत असतो. तळ्याकाठी नीट बघा: नराने शेपटीच्या टोकाने मादीची मान धरलेली असते आणि ती पाण्यातल्या देठात एकेक अंडं टोचत असते. सोडली, तर दुसरा नर येतो, आधीच्याचं वीर्य तिच्या शरीरातून खरवडून काढतो आणि मगच स्वतःचं सोडतो. अमेरिकेतल्या टाचण्यांवर १९७९ मध्ये हे दाखवून दिलं गेलं.

मादीलाही या नरांचा जाच होतोच. टाचणीचा भाऊबंद म्हणजे चतुर. आल्प्समधल्या एका चतुराची मादी, नर मागे लागला की हवेतून थेट जमिनीवर कोसळते आणि उताणी, निपचित पडून राहते. तो गेला की उडते. मला तर हे फार विलक्षण वाटतं!